उंदीर उचलणारी

"जरा वर धर. तोंडाजवळ आण. हां. आता हस."

माझ्या हातात मेलेला उंदीर होता. शेपटीला धरलेला. समोर मोबाईल. मोबाईलच्या मागे नानांचा धाकटा मुलगा. तो पुण्याला नोकरीला असतो, होळीसाठी घरी आला होता. बरोबर दोन मित्र आणले होते, त्यांच्या बायका आणल्या होत्या. ते सगळे गोडाऊनच्या दारात उभे होते, नाकाला रुमाल लावून. मी आत, मक्याच्या गोण्यांच्या मधे. पायाशी घमेलं. घमेल्यात सकाळपासून गोळा केलेले उंदीर.

"सांग ना, तुमच्याकडे हा कसा करतात? भाजून की रस्सा?"

मी गप्प राहिले. वाटलं, गप्प राहिलं की ते कंटाळतील, जातील. पण नाना बाहेर खाटेवर बसले होते. नाना म्हणजे मालक. शेत त्यांचं, गोडाऊन त्यांचं, आम्ही राहायचो ती खोली त्यांची. ते तिथूनच बोलले.

"सांग ना व. तुम्हना लोके खातस ना? मंग लाजस कसाले?"

सगळे हसले. एका पाहुणीनं तोंडावरचा रुमाल काढला आणि हसली.

मीही हसले.

"भाजून," म्हणाले.

मोबाईल खाली आला. मुलगा मला 'थँक्यू' म्हणाला. त्या घरात आजवर कुणी मला असं म्हटलं नव्हतं. मी उंदीर घमेल्यात टाकला आणि घमेलं उचलून उकिरड्याकडे गेले. खड्डा खणून पुरायचे होते. कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचा होता. ते सगळं केलं. हात धुतले. संध्याकाळी पाहुण्यांच्या पुरणपोळीची भांडी घासली.

त्या दिवशी मला राग आला का? खरं सांगते, नाही आला. अंगावर काहीतरी पडलंय आणि ते झटकता येत नाही, एवढंच वाटत राहिलं.

आम्ही भिल्ल. माझं माहेर पिंपळनेरच्या वर, डोंगराच्या अंगाला. सासर तिथून जवळच. पाऊस पडला तर नागली, भात. नाही पडला तर बाहेर. बाहेर म्हणजे ऊसतोड, वीटभट्टी, नाहीतर सालदारकी. माझ्या नवऱ्यानं सालदारकी धरली. एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दुसऱ्या आखाजीपर्यंत मालकाकडे बांधून घ्यायचं. त्याच्याच शेतावर राहायचं, रात्री पाणी द्यायचं, सकाळी गुरं बघायची. हे गाव धुळे तालुक्यातलं. नाव सांगत नाही. केस चालू आहे.

सालदार एकटा लागत नाही. त्याची बायको पण लागते. फक्त तिचं नाव कुठं नसतं. शेण माझं, अंगण माझं, भांडी माझी. आणि उंदीर माझे.

नानांकडे उंदीर फार. असायचेच. गोडाऊनमध्ये मका, चाळीत कांदा, आणि घराच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस, भाव चढायची वाट बघत पडलेला. उंदराला आणखी काय लागतं? ते कापसात पिल्लं घालायचे. शेतात ठिबकच्या नळ्या कुरतडायचे. मोटर चालू केली की जागोजाग पाणी उडायचं. एकदा ट्रॅक्टरची वायर खाल्ली आणि ऐन पेरणीत ट्रॅक्टर बसला. एकदा मोठ्या सुनेच्या लग्नातल्या शालूची घडी उलगडली तर मधे हात जाईल एवढं भोक. त्या दिवशी सून रडली. घरात कुणी जेवलं नाही.

अक्का, म्हणजे नानांची बायको, तिनं मला बोलावलं. तिच्या हातात औषधाची पाकिटं होती.

"हाई काम तू कर. तुले त सवय शे ना."

मला कसली सवय? मी विचारलं नाही. नवरा तिथंच बैलाला पाणी पाजत होता. त्यानंही ऐकलं. त्यानंही विचारलं नाही.

तेव्हापासून ते काम माझं झालं. ज्वारीच्या भरड्यात तेल घालायचं, त्यात ती काळी पूड कालवायची. पाकिटावर हातमोज्याचं चित्र होतं. मोजा मागितला तर अक्का म्हणाली, पिशवी घाल. मी दुधाची रिकामी पिशवी हातात घालून कालवायचे. त्या पुडीला लसणासारखा वास येतो. पिशवी फाटायची, वास बोटांना राहायचा. राखेनं घासलं तरी जायचा नाही. त्या हातानं मी माझ्या पोरीला घास दिला नाही. तिला म्हणायचे, आपल्या हातानं खा, मोठी झालीस.

पिंजऱ्यात सापडलेले पाण्यात बुडवायचे. तेही मीच. मोठी घूस असली तर ती पिंजऱ्याच्या तारांना नखं लावून बसते. आपल्याकडे बघते. अक्का लांबून विचारायची, मेली का? मी म्हणायचे, मेली.

मला त्यांच्या स्वयंपाकघरात जायची मुभा नव्हती. भांडी मागच्या ओट्यावर यायची, मी तिथंच घासायची, तिथंच पालथी घालायची. पण एकदा फ्रीजच्या मागं उंदीर मेला. वास सुटला. कुणाला हात घालवेना. मग मला आत बोलावलं. मी फ्रीज सरकवला, उंदीर काढला, फरशी पुसली आणि बाहेर आले. दारातून मागं बघितलं तर अक्का गोमूत्र शिंपडत होती. उंदरासाठी नाही. उंदीर तीन दिवस तिथं सडत होता, तेव्हा कुणी शिंपडलं नव्हतं. मी आत गेले म्हणून शिंपडलं.

अक्काची नजर माझ्याकडे आली, तर मी हसले.

होळीचे पाहुणे गेले. त्यानंतर काही दिवसांनी पोरगी शाळेला जायला नको म्हणू लागली. मनीषा तिचं नाव. आठवीत होती, गावातल्याच हायस्कुलात. आधी म्हणाली पोट दुखतं. मग म्हणाली डोकं दुखतं. मी रागावले. तिनं दप्तर उचललं आणि गेली. दुपारीच परत आली आणि खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली.

कारण मला सुमन अक्कानं सांगितलं. सुमन अक्का शेजारच्या मळ्यावर कामाला असते, आमच्यातलीच. ती आपल्या पोराचा मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, बाई, तू हे बघ. मी बघावं की नाही हे तिलाही कळत नव्हतं. पण न दाखवता ती गेली असती तर मला कधी कळलंच नसतं.

त्यात मी होते. माझं लुगडं, माझा हात, माझ्या हातात उंदीर. मागं कसलं तरी नाचाचं गाणं लावलेलं. खाली लिहिलेलं, "आमच्या फार्मवरची मांजर." मी सातवीपर्यंत शिकले आहे. मला वाचता येतं. त्याच्या खाली लोकांनी हसरी तोंडं टाकली होती. कुणी लिहिलं होतं, आमच्याकडे पाठवा, फार उंदीर झालेत. कुणी लिहिलं होतं, ताई, चव कशी असते? हायस्कुलातली पोरं मनीषाला "म्याव" म्हणत होती. ती वर्गात आली की म्याव. फळ्यापाशी गेली की म्याव. मास्तरांनी ऐकलं. मास्तर म्हणाले, शांत बसा. एवढंच.

संध्याकाळी मी भाकरी टाकत होते. मनीषा चुलीपाशी येऊन बसली. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

"माय, आपण उंदीर खातस का?"

मला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द. नाही म्हटलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात छाती पुढं काढून सांगितलं असतं, आम्ही नाही खात. नाही हा शब्द माझ्या जिभेवर आला होता.

मी हो म्हणाले.

मी तिला सांगितलं. मी लहान होते तेव्हा भात निघाल्यावर माझा बाप बांधावरची बिळं खणायचा. एका तोंडाला धूर, दुसऱ्या तोंडाला तो. शेतातला उंदीर, नुसतं धान्य खाऊन वाढलेला. बिळात कणसं पण सापडायची, ओढून नेलेली, नीट रचलेली. ती मळायची, वाटून घ्यायची. उंदीर निखाऱ्यात भाजायचा. बाप पहिला तुकडा मला द्यायचा, मीठ लावून. डोंगरात धान्य संपलेलं असायचं त्या दिवसांत. ते कुणाकडून हिसकलेलं नव्हतं. कुणाच्या दारात मागितलेलं नव्हतं. मला त्याची लाज कधी वाटली नाही. तुझ्या आज्यानं मला जगवलं आणि मी तुला. त्यात लपवायचं काय आहे?

तिनं सगळं ऐकलं. चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली,

"मंग तू हासत का व्हती?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

ती कुजकी पोरं तिला काय म्हणाली ते तिनं सोसलं असतं. तिला लागलं होतं ते हे. तिची आई हातात उंदीर धरून हसत होती. त्यांच्यातलीच एक असल्यासारखी.

मी आठवत बसले. मी केव्हा केव्हा हसले होते. अक्का म्हणाली सवय शे, तेव्हा. पिशवी घाल म्हणाली, तेव्हा. गोमूत्र शिंपडलं, तेव्हा. दिवाळीला आम्हाला शिळे लाडू दिले आणि सून म्हणाली यांना पचतात, तेव्हा. नवऱ्याला नानांनी सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं, तेव्हा तोसुद्धा हसला होता, दात दाखवून. माझी सासू हसायची. माझी आई सावकाराच्या ओट्याखाली उभी राहून हसायची. आम्हाला कुणी शिकवलं नाही. दार बंद होऊ नये म्हणून दारात पाय ठेवावा, तसं आम्ही तोंडावर हसू ठेवतो. समोरच्याला वाटतं, यांना काही लागत नाही. बरोबर आहे. आम्हीच तसं दाखवतो. आणि मग तो आणखी जोरात मारतो.

नवऱ्याला म्हटलं, नानांशी बोल. तो म्हणाला, आखाजीला साल पुरं होतं, तोवर दम धर. साल मोडून निघालं तर दुसरा कुणी मालक उभा करणार नाही. त्याचं चूक नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. कालपर्यंत मीच म्हणत होते.

त्याच आठवड्यात मालकांच्या घरी पाहुणे यायचे होते. नानांच्या नातीला बघायला. सकाळी अक्काचा निरोप आला, बैठकीच्या खोलीत सोफ्याखाली उंदीर मरून पडलाय, लगेच ये. मी गेले. नवरा ओसरीवर सतरंजी झटकत होता. नाना पांढरे कपडे घालून तयार होते. अक्कानं सोफ्याकडे बोट दाखवलं. उंदराची शेपूट बाहेर दिसत होती.

मी दारातच उभी राहिले. माझे हात मी पदराखाली धरले होते.

"मी नही उचलस," मी म्हणाले.

अक्काला वाटलं, मी फावडं मागतेय. ती म्हणाली, फावडं बाहेर आहे. मी म्हणाले, फावडं नको. तुमच्या मुलानं तो व्हिडिओ काढून टाकावा. आणि गावासमोर सांगावं, मी चूक केली. मग मी उचलते की नाही ते बघू.

सुनेनं माझ्याकडे असं बघितलं, जणू सोफाच बोलला. नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले, पाहुणे यायच्या वेळी माणूस बोलतो तसे.

"उचलनं व्हई त उचल. नही त खोली खाली कर."

माझा नवरा आत आला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. सरळ सोफ्यापाशी गेला आणि वाकला. त्याला वाटलं, आपण उचलून टाकू, विषय मिटेल, बायकोलाही उचलायला लागणार नाही, मालकही शांत होईल. त्यानं हात पुढं केला.

मी त्याला म्हणाले, "उचलू नको."

तो वाकलेला तसाच राहिला. नाना त्याच्याकडे बघत होते. अक्का बघत होती. मला त्याची पाठ तेवढी दिसत होती, घामानं चिकटलेला सदरा. मला खरंच वाटलं, आता हा उचलणार.

तो सरळ झाला. रिकाम्या हातानं माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यानं माझ्यासाठी केलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती.

पाहुण्यांची गाडी आली तेव्हा आम्ही सासरच्या पाड्यावर परत जायला गाठोडी बांधत होतो. तो उंदीर शेवटी कुणी उचलला, मला माहीत नाही.

सुमन अक्का माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आली. तिथल्या हवालदारानं व्हिडिओ बघितला. एकदा बघितला, मग परत बघितला. दुसऱ्यांदा त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते त्यानं मिशीत दाबलं. म्हणाला, "बाई, तू तर हसते आहेस यात. तक्रार कसली?"

मनीषाचाच प्रश्न. पण ती विचारत होती तेव्हा तिचे डोळे भरले होते.

मी म्हणाले, "साहेब, मालकासमोर रडायची सोय असते का आम्हाला?"

तो म्हणाला, साहेब नाहीत, उद्या या. मी म्हणाले, येतील तेव्हा येतील, मी बसते. बाकावर जागा नव्हती, भिंतीला टेकून खाली बसले. संध्याकाळी साहेब आले, त्यांनी समजावलं, गावात राहायचं आहे ना. मी म्हणाले, गावातून तर काढलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशी पाड्यावरच्या बायका माझ्याबरोबर आल्या. कुणी घोषणा दिली नाही. त्या नुसत्या येऊन ठाण्याच्या अंगणात बसल्या. मग लिहून घेतलं. मोठे साहेब तपासाला आले. अ‍ॅट्रॉसिटी लागली. मुलावर आणि नानांवर पण.

व्हिडिओ त्या दिवसापासून गायब आहे. पण तो किती जणांच्या मोबाईलमध्ये राहिला असेल, ते कोण सांगणार?

मग समजुतीला माणसं आली. नानांच्या गावचे दोन म्हातारे, आणि आमच्याकडचा एक पुढारी. आमच्या झोपडीपुढं खाट टाकून बसले. म्हणाले, पोराकडून गंमत झाली. त्याची नोकरी जाईल. नाना तयार आहेत, घरात येऊन हात जोडतील, तुझ्या नवऱ्याला परत कामावर घेतील. तू मोठ्या मनाची हो.

मी विचारलं, घरात का? चावडीवर का नाही?

त्यातला एक म्हातारा खरंच चकित झाला. "तू नानाले गावसमोर उभं करशी?"

"मले त्यास्नी सारा जगसमोर उभं करं," मी म्हणाले.

ते चहा न पिता उठले. तसेही ते आमच्याकडचा चहा प्यायले नसते.

सुमन अक्काचा अधूनमधून फोन येतो. नानांना नवा सालदार मिळाला, पण त्याच्या बायकोनं उंदरांना हात लावायला नकार दिला. ती पण आमच्यातली. तिला आमची गोष्ट माहीत होती. मग धुळ्याहून कंपनीचा माणूस बोलावला. तो गमबूट, मास्क, लांब हातमोजे घालून आला. अक्कानं त्याला सोफ्यावर बसवून चहा दिला. सून त्याला सर म्हणत होती. त्यानंही तेच केलं. औषध ठेवलं, सकाळी मेलेले गोळा केले, पिशवीत भरले. उंदीर तेच. गोडाऊन तेच. तो गेल्यावर घरात काही शिंपडलं नाही.

मला त्या माणसाचा राग नाही. त्याला मिळतो तो मान बरोबर आहे. मला एवढंच कळलं, की घाण कामात नव्हती. त्यांनी ती माझ्या जातीत ठेवली होती.

आता नवरा वीटभट्टीवर जातो. मी पण जाते. मनीषा इकडच्या आश्रमशाळेत आहे. दिवस सोपे नाहीत. एखाद्या संध्याकाळी नवरा म्हणतो, मिटवून टाकू. मी त्याच्यावर चिडत नाही. दमलेल्या माणसाला असं वाटतं. पण मी नाही म्हणते. कोर्टात त्यांचा वकील मला विचारणार, हसत होतीस की नाही. सगळे मला सांगतात, याची तयारी कर. मी तयारी केलेली नाही. जे आहे ते सांगीन.

गेल्या तारखेला आम्ही लवकर पोचलो. कोर्टाच्या वऱ्हांड्यात एकच बाक. त्यावर नाना बसले होते, एकटे. मुलगा वकिलाकडे गेला असावा. बाकावर त्यांच्या बाजूला जागा होती. नवरा सवयीनं भिंतीकडे वळला, खाली बसायला.

मी बाकावर बसले.

मी त्या माणसाशेजारी कधी बसले नव्हते. उभी राहिले होते, वाकले होते, जमिनीवर उकिडवी बसले होते. त्यांच्या बरोबरीनं कधी नाही. नानांनी माझ्याकडे बघितलं. धोतराचा सोगा ओढून घेतला. मग उठले आणि वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले.

मी उठले नाही. नवऱ्याला हाक मारून बाजूला बसवलं. आमच्या नावाचा पुकारा होईपर्यंत आम्ही तिथंच बसलो.

पुढची तारीख पडली आहे. मी जाणार. त्याच्या पुढची पडेल, तेव्हाही जाणार. ते दमवतील, कागद लांबवतील, साक्षीदार फोडतील, सगळं करतील. मी केस मागं घेणार नाही. आणि ते बाकावर आधी येऊन बसलेले असले, तरी मी खाली बसणार नाही.